साडेचार हजार निळे दिवस

नोंदबाईंशी मी दोन वर्षं भांडलो. त्यातलं पहिलं दीड वर्ष माझंच बरोबर आहे याची मला पक्की खात्री होती, म्हणून हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं. कधी बाईंवर, बहुतेक वेळा माझ्यावर.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते कुणी वापरत नसे. पाणीपुरवठा खात्याच्या पंपघरात त्या नोंदणी-लिपिक होत्या आणि तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. शहराला पाणी चढवणारे सहा पंप, त्यांचं रोज काय झालं ते लिहून ठेवायचं. सकाळी आठला पाळी बदलायच्या वेळी त्या सहाही पंपांजवळ जायच्या आणि घरी निघालेल्या ऑपरेटरला विचारायच्या, "काय म्हणतोय?" म्हणजे पंप काय म्हणतोय. तो सांगेल ते वहीत. दिसायला बाई किरकोळ, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याला दोरी. आवाज मात्र पंपांच्या घरघरीवर चढवून चढवून असा झाला होता, की आमच्या बंद खोलीत त्यांनी नुसतं "येऊ का?" म्हटलं तरी दोघंतिघं दचकत.

त्यांच्या नोंदींची एक शिस्त होती. सगळ्यांना विचारलं आणि कुणाचीच तक्रार नसली, तर 'काही नाही'. एखाद्याला विचारायचं राहून गेलं, तर 'विचारलं नाही'. आणि त्या स्वतः रजेवर असल्या, तर ते पान कोरं ठेवून दुसऱ्या दिवशी त्यावर 'मी नव्हते' एवढे दोन शब्द आणि खाली सही. लिहिलेलं खोडायचं नाही, चुकलं तर खाली नवी ओळ लिहून सही करायची. या शिस्तीचं खात्यात कौतुक कमी आणि चेष्टाच जास्त व्हायची, आणि चेष्टा करणाऱ्यांत मी पुढे.

मी मुख्य इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, संगणक कक्षात. कक्ष म्हणजे चार टेबलं, भिंतीकडे उघडणारी एक खिडकी आणि एसीखाली कायम ठेवलेली बादली. वह्या बंद करून सगळं कॉम्प्युटरवर आणायचं ठरलं तेव्हा मी विकी बसवलं. विकी म्हणजे फार मोठं काही नव्हे. एक मोठी वही, फक्त पडद्यावरची. ज्याला हक्क दिलाय त्याने पान उघडावं, लिहावं, आणि कोणत्या खात्यावरून केव्हा लिहिलं गेलं ते यंत्र आपोआप टिपून ठेवतं. रोजचं एक पान, त्यावर तीन ओळी: पंप चालू की बंद, तक्रार हो की नाही, नोंद कोणाची.

पहिल्याच दिवशी बाई पिशवी घेऊन आल्या.

"तिसरं कुठाय?"

"तिसरं काय?"

"हो आहे, नाही आहे. 'विचारलं नाही' कुठाय?"

"अहो बाई, मग विचारा ना!"

"ऑपरेटरला ताप आला, तो सातलाच घरी गेला. कुणाला विचारू? भिंतीला?"

मी म्हटलं, अशा वेळी 'नाही' टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना कुणाची खोटी सही करायला सांगितली होती. तिसरा पर्याय मी दिला नाही. पाच मिनिटांचं काम होतं, पण इरेला पेटलो होतो. मग बाई त्या हो-नाहीला हातच लावीनात. खाली मोकळ्या जागेत स्वतःच्या शब्दांत लिहीत. सात महिने त्यांनी तसं लिहिलं आणि सात महिने मी चरफडत राहिलो.

या विकीत कॅलेंडरची एक सोय होती. महिना उघडला की चौकटींत तारखा दिसायच्या. ज्या दिवसाचं पान आहे ती तारीख निळी, ज्याचं नाही ती लाल. जानेवारीत मोठे साहेब, म्हणजे आमचे मुख्य अभियंता, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी मागची वर्षं उघडायला लावली. विकी आल्यापासूनचे सात महिने सोडले तर सगळी लाल. साहजिकच होतं, कारण ती वर्षं जुन्या वह्यांत होती, आणि वह्या पंपघरातल्या कपाटात.

"हे काय, गोवर आल्यासारखं?" साहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बाहेरची पाहणी समिती येतेय. लाल दिसता कामा नये."

"साहेब, त्या वह्यांतलं टाइप करायलाच वर्ष जाईल."

"टाइप नंतर करा. पानं तर तयार करा!"

आता यात मी साहेबांवर ढकलू शकलो असतो, बराच काळ ढकललंही. पण खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं. आपोआप पानं तयार करणारा तीस ओळींचा प्रोग्राम मी एका दुपारीत लिहिला. मागची अकरा वर्षं, चालू वर्ष आणि पुढचं एक वर्ष, रोज एक पान. पान अगदीच रिकामं दिसू नये म्हणून त्यात साचा घातला: 'पंप: चालू. तक्रार: नाही.' ज्या दिवसाचं पान आधीच आहे त्याला हात लावायचा नाही, एवढी अक्कल वापरली. एकच अडचण आली. रोजची पानं लिहायचा हक्क विकीवर फक्त नोंदणी-लिपिकाच्या खात्याला होता, आणि हा नियम मीच केला होता. बाईंचा पासवर्डही मीच ठरवून दिलेला. तोच वापरला. चौदा मिनिटांत साडेचार हजारांच्या वर पानं झाली, प्रत्येकावर तिसरी ओळ: 'नोंद: नोंदणी-लिपिक.' कॅलेंडर निळंशार.

समिती आली, बघून खूश झाली, साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो ते बरेच दिवस उतरलोच नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन.

"कॉम्प्युटरवाले, पुढच्या डिसेंबरात पंपांची काही तक्रार नाही म्हणे. तुम्हाला कुणी कळवलं?"

"बाई, तो नुसता साचा आहे. त्या त्या दिवशी तुम्ही त्यावर लिहायचं."

"लिहिलेल्यावर कसं लिहू?"

"आधीचं खोडून!"

पलीकडून पंपांची घरघर ऐकू येत होती. मग बाई म्हणाल्या, "आणि हे माझ्या नावावर का?" मी सांगितलं की सिस्टिमला नाव लागतं. त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवसापासून त्यांनी जे सुरू केलं त्याने माझ्या नाकी नऊ आले. साचा त्यांनी खोडला नाही. शिस्त म्हणजे शिस्त. साच्याच्या खाली रोज पहिली ओळ लिहायला लागल्या: 'वरील मजकूर माझा नाही.' आणि त्याखाली त्या दिवसाची खरी नोंद. रोज! रविवार सोडून रोज, 'वरील मजकूर माझा नाही.' महिन्याचा अहवाल छापून गेला तर त्यात सव्वीस वेळा तेच वाक्य. साहेबांनी मला बोलावून अहवाल टेबलावर आपटला.

"ही काय वेडी आहे का?"

"हट्टी आहेत, साहेब."

"मग काहीतरी कर."

मी केलं. अहवालात पानाच्या फक्त वरच्या तीन ओळी छापल्या जातील अशी सोय केली. पंप, तक्रार, नोंद. बस. बाईंचं म्हणणं आणि त्यांच्या खऱ्या नोंदी, दोन्ही अहवालातून गेलं. पंपघरातले अधीक्षकही रोज सकाळी तशाच तीन ओळींचा छापील कागद वाचत. मूळ पान उघडायचे कष्ट कोण घेतो? एखादी मोठी तक्रार असली की बाई स्वतः अधीक्षकांच्या टेबलापर्यंत चालत जात आणि तोंडाने सांगत, म्हणून काही बिघडलं नाही. निदान ऑगस्टपर्यंत.

ऑगस्टमध्ये बाईंचा धाकटा भाऊ दुकानात, शिवणयंत्रावर बसल्या बसल्या कोसळला. बाईंच्या घरात तो, त्याची बायको आणि बाई, एवढीच माणसं. त्याला बाईंनीच वाढवलेलं. हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आणि बाई तशाच पिशवीसकट हॉस्पिटलात जाऊन बसल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा सलग नऊ दिवस रजा. काम दुसऱ्या कुणाकडे सोपवून जायचं, असा नियम आहे. त्या घाईत त्यांना ते सुचलं नाही.

चार नंबरच्या पंपावर एक ऑपरेटर होता, बावीस वर्षं त्याच पंपावर, म्हणून त्यालाच सगळे 'चारनंबर' म्हणत. अबोल माणूस. आठ वाजले की बाईंना सांगायची त्याला इतकी सवय, की बाई हॉस्पिटलात असतानाही तो रोज आठला फोन करायचा. आधी भावाची चौकशी, मग पंपाची खबर. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "थरथरतोय. बेअरिंगवर हात ठेवला की मुंग्या येतात."

"अधीक्षकांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, नोंदीत आलं की बघतो. नोंदीत तर 'नाही' आहे."

"मी आले की लिहिते. तू त्यांना परत सांग."

तो परत सांगत राहिला. अधीक्षक परत कागद बघत राहिले. कागदावर नऊच्या नऊ दिवस, 'तक्रार: नाही.' नवव्या दिवशी दुपारी चार नंबरचा दांडा तुटला, मोटर जळाली आणि तीन दिवस अर्ध्या शहराच्या नळांना पाणी नव्हतं.

एवढं झाल्यावर कुणीतरी दोषी हवाच. चारनंबरला निलंबित केलं. आरोप असा, की पंपात बिघाड दिसत असून त्याने कळवलं नाही. सिद्ध झालं तर बावीस वर्षांची नोकरी एका कागदावर संपणार होती. अधीक्षक म्हणाले, तो असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. फोन तर बाईंना केले होते, आणि ते भावाच्या चौकशीचे असू शकतात. शिवाय नोंदीत बाईंनी स्वतः 'नाही' लिहिलंय! बाईंनी रजेवरून आल्या दिवशी नऊ दिवसांची सगळी हकिगत खाली ओळ ओढून लिहिली होती, पण पंप मोडल्यावर लिहिलेलं कोण धरतो?

चौकशी समितीने मला पत्र पाठवलं: सदर नोंदी कोणी केल्या याचा खुलासा करावा. मोठ्या साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं.

"पाहणी समितीला तेच निळं कॅलेंडर दाखवून आपण शाबासकी घेतलीय. आता ते बनावट होतं म्हणायचं? सिस्टिम जे सांगते तेवढं लिही."

मी लिहिलं: 'सिस्टिमनुसार सदर नोंदी नोंदणी-लिपिक यांच्या खात्यावरून झाल्या आहेत.' अक्षर न् अक्षर खरं. त्या केव्हा झाल्या तेही सिस्टिम सांगत होती, पण ते मी लिहिलं नाही. घरी जाऊन बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "म्हणजे बाईंनी केल्या?" मी म्हटलं, "तसं कुठे लिहिलंय?" ती उठून आत गेली. मी तिच्यावरही चिडलो. त्या दिवसांत मी सगळ्यांवर चिडत होतो, बादलीवरसुद्धा.

त्या पत्राची प्रत बाईंना गेली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मी भांडणाच्या तयारीत होतो. त्या हळू बोलल्या, आणि त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"यात खोटं काही नाही हो. तीस वर्षं लिहितेय, पण असं मला कधी जमलं नसतं."

"बाई, माझाही नाइलाज..."

"माझं सोडा. मला वर्षभरात निवृत्त व्हायचंय. चारनंबरला अजून चौदा वर्षं आहेत."

त्या गेल्या. तिथेच मी उठून समितीकडे जायला हवं होतं. गेलो नाही. घाबरलो म्हणा, किंवा मूग गिळून बसलो म्हणा, काहीही म्हणा. सुनावणीला अजून आठ दिवस होते आणि ते आठही दिवस मी असेच घालवले.

सुनावणी मुख्य इमारतीच्या सभागृहात झाली. लांब टेबल, भिंतीवर पडदा, पडद्यावर विकी. ते चालवायला मला बसवलेलं. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, शांत आणि बारीक नजरेच्या. एका टोकाला चारनंबर, इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. मोठे साहेब मध्ये. मी नऊ दिवसांची नऊ पानं एकेक करून पडद्यावर दाखवली. प्रत्येकावर तेच. अध्यक्षांनी नोंदबाईंना विचारलं, "हे तुम्ही लिहिलेलं नाही?"

"नाही."

"तुमचं नाव आहे."

"आहे ना. एकतीस जूनचं पान उघडायला सांगा त्यांना."

"एकतीस जून?" अध्यक्षांनी चष्मा काढला. "जून तीसचा असतो."

"उघडायला सांगा तर."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या क्षणी मला आठवलं, की प्रोग्राम लिहिताना मी प्रत्येक महिन्याला सरसकट एकतीस दिवस दिले होते. कॅलेंडरच्या चौकटीत ती जादा पानं दिसत नाहीत, म्हणून मला कधी कळलं नाही. बाईंना कसं कळलं? त्यांनी शोधून काढलं होतं. हॉस्पिटलातून आल्यापासून त्या पानांच्या यादीतून एकेक पान उघडून बघत होत्या, मी कधीच न बघितलेलं. मी तारीख टाइप केली. पडद्यावर पान आलं. एकतीस जून. पंप: चालू. तक्रार: नाही. नोंद: नोंदणी-लिपिक.

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "तीस फेब्रुवारीलाही सगळं व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वीच्याही."

अध्यक्ष माझ्याकडे वळल्या. "सिस्टिम काय सांगते ते तुम्ही लिहून दिलंय. आता साधं विचारते. हे कोणी लिहिलं?"

मोठे साहेब माझ्याकडे बघत होते. नोंदबाई बघत नव्हत्या. त्या आपल्या पिशवीचा बंद नीट करत होत्या.

"मी," मी म्हणालो. "सगळी मीच लिहिली. साडेचार हजारांच्या वर आहेत. चौदा मिनिटांत. बाईंच्या पासवर्डने."

"ती नऊ?"

"तीसुद्धा. जानेवारीतच."

"तुम्ही पंपघरात चौकशी केली होती?"

"नाही," मी म्हणालो, आणि एकदा सुटलं तसं पुढचंही सुटलं. "मी पंपघरात कधी गेलेलोच नाही."

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. त्या पानांना पुरावा मानता येणार नाही असं समितीने ठरवलं, अधीक्षकांना मग बऱ्याच गोष्टी आठवल्या, आणि पंधरा दिवसांनी चारनंबर कामावर परत आला. नऊ दिवस नोंद कुणाकडे न सोपवल्याबद्दल बाईंना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी वाचली, "बरोबर आहे," म्हणाल्या आणि सही केली. माझी पगारवाढ थांबली. साहेबांची कशी कोण जाणे, नाही थांबली. बाईंच्या नोंदी असलेली सोडून ती सगळी पानं मी पुसली, तिसरा पर्याय घातला, आणि कॅलेंडर पुन्हा लालेलाल झालं.

पण मला आठवतो तो सुनावणीनंतरचा व्हरांडा. मी बाहेर आलो तर चारनंबर आणि नोंदबाई जिन्यापाशी उभे होते. त्यांच्यासमोरून गेल्याशिवाय खाली उतरायची सोय नव्हती. चारनंबरने मला थांबवलं. रागाने नाही. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

"साहेब, मग माझी तक्रार नाही, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

मी बाईंकडे बघितलं, म्हटलं या तरी काही बोलतील. आजवर माझ्या प्रत्येक वाक्यावर त्यांचं एक वाक्य तयार असायचं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"कुणी नाही," मी म्हणालो. "मी विचारलं नाही. माझं चुकलं."

तो 'असू द्या' म्हणेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला नाही. त्याने मान हलवली आणि बाईंची पिशवी स्वतःच्या खांद्याला घेऊन त्यांच्याबरोबर जिना उतरायला लागला.